निळे थेंब आणि डोक्याची गोळी

सणसर, २७ मे

प्रियदर्शनी, जय भीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कचऱ्यात टाकशील, अशी मला निम्मी खात्री आहे. उरलेल्या निम्म्यासाठी लिहितोय. फोनच केला असता, पण दोन वर्षांपूर्वी तू माझा नंबर ब्लॉक केलास तो केलासच. बारामती इथून एसटीनं पाऊण तासावर आणि पत्राला लागणार तीन दिवस. तिकीट मागितलं तर पोस्टातला माणूस म्हणाला, "सर, कोर्टाचं हाय का काय?" घरचं पत्र असू शकतं हेच लोकांच्या डोक्यातून गेलंय.

भांडण उकरायला लिहीत नाही. धंद्यातला प्रश्न आहे. तू मेडिकलवाली, मी डेअरीच्या लॅबमधला, तेव्हा तुला विचारण्यात कमीपणा नाही, असं मी स्वतःला चार दिवस समजावलं.

प्रश्न मेथिलीन ब्लूचा. ते निळं माझ्या हाताखालचं. पंचवीस वर्षं दुसरं काय केलं? दुधाच्या नमुन्यात निळं टाकायचं, नळी कोमट पाण्यात ठेवायची आणि घड्याळाकडं बघत बसायचं. दुधात जंतू जास्त असले की निळं लवकर उडतं. जितका वेळ टिकेल तितकं दूध चांगलं. आता तेच निळं लोक प्यायला लागलेत. आपल्या वस्तीपलीकडचा सर्जेराव तुला आठवत असेल, ऊसवाला, चार गाईंचं दूध आमच्याकडं घालतो. त्यानं मोबाइलवर कुणाचं तरी ऐकून कुरिअरनं बाटली मागवली. रोज सकाळी ग्लासभर पाण्यात थेंब टाकून पितो. मेंदूला चार्जिंग होतं, आठवण पक्की राहते, गुडघे दुखत नाहीत, काय काय सांगत होता. डेअरीच्या दारात सगळ्यांसमोर जीभ काढून म्हणाला, "समाधानराव, आता मी बी तुमच्यातला. निळा झालो." मी म्हटलं, जिभेनं निळं होऊन भागत नाही, सर्जेराव. सगळे हसले, तोही हसला. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

मी रीतसर वाचलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला फायदे. औषध नवं नाही, दीडशे वर्षांचं जुनं. एके काळी मलेरियावर देत. रक्ताला प्राणवायू पोचवता येईनासा होतो अशा एका आजारात आजही दवाखान्यात शिरेतून देतात आणि माणूस वाचतो. उंदरांची आठवण सुधारलेली दिसली. माणसांत थोड्या लोकांवर प्रयोग झाले, म्हाताऱ्यांच्या विसराळूपणावर त्याचीच गोळी करून पाहिली, पण मोठ्या चाचणीत ठामपणे काही हाती लागलं नाही. उजव्या बाजूला धोके. लघवी निळी-हिरवी होते, ते सोड. मळमळ, डोकेदुखी. काहींच्या रक्तात जन्मजात एक कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशीच फुटतात. बाजारात मिळतं ते औषधाच्या दर्जाचं की कापड रंगवायच्या, हे बाटलीवरून कळत नाही. आणि शेवटची ओळ, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या चालू असतील तर हे अजिबात घेऊ नये, जिवावर बेततं. ही ओळ मी लिहिली आणि खोडली. आपल्या घराशी तिचा संबंध नाही. तो जोडायचा प्रयत्न तू एकदा करून पाहिलास.

बघ, नाही नाही म्हणता आलंच. आबा गेल्यावर आई गप्प झाली होती हे मला दिसत नव्हतं असं तुला वाटतं. पन्नासेक वर्षांचा जोडीदार गेल्यावर माणूस गप्प होणार नाही तर काय नाचेल? पंधरा दिवस राहायला म्हणून तू तिला नेलंस आणि परत आणलंस ते डोक्याच्या डॉक्टरचा कागद हातात घेऊन. मी तो अंगणात, चारचौघांत फाडला. माझी आई वेडी नाही म्हणालो. जे बोललो त्यातलं निम्मं आज बोलणार नाही. पण मला आधी विचारायला हवं होतंस, हे आजही म्हणेन.

आई बरी आहे. विसरते. मागच्या पौर्णिमेला गॅस चालू ठेवून विहारात गेली. परवा मला पाठमोरा बघून "अवो" म्हणाली. आजीचं शेवटी काय झालं ते तुला आठवतच असेल. आपल्यालाच विचारायची, पोरांनो, तुमी कुणाची? मला त्या प्रश्नाची फार भीती वाटते. बाकी बीपीची गोळी वेळेवर घेते. डोकं धरून बसते कधी कधी, म्हणून तुझी वहिनी कौसल्या तिला सकाळी डोक्याची गोळी देते, तेवढंच.

मी विचारतोय ते माझ्यासाठी. बावन्न संपलं, नमुन्यांचे नंबर डोक्यात राहत नाहीत. घ्यावं का?

नाव समाधान आणि जिवाला घटकाभर स्वस्थता नाही, हा तुझाच टोमणा. अजून खराच आहे.

दादा


सणसर, ५ जून

प्रियदर्शनी,

चिठ्ठी मिळाली. दोन वर्षांनी पाच ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. "दादा, तुला कसलीच गोळी चालू नाही, तेव्हा थेंबभरानं मरणार नाहीस. पण फायदा सिद्ध झालेला नाही आणि मालाची खात्री नाही. मी घेतलं नसतं. ते घरात आणू नकोस. आणि आईच्या हाताला लागू देऊ नकोस."

पहिल्या चार वाक्यांवर माझा आक्षेप नाही. शेवटचं वाक्य मात्र मला झोंबलं. आईच्या हाताला लागू देऊ नकोस, का? कारण? आई काय रांगतं मूल आहे? शास्त्राचं कारण असेल तर लिही की. नाही लिहिलंस. हुकूम सोडलास. माझ्याच घरात माझ्या आईला काय द्यायचं आणि काय नाही हे बारामतीच्या काउंटरवरून ठरणार असेल तर मी इथं कशाला आहे?

बरं, खोटं कशाला बोलू. माझ्यासाठी विचारलं नव्हतं. तुला ते कळलं म्हणूनच तू ते वाक्य लिहिलंस, होय ना? मग कारण का नाही लिहिलंस?

आज सकाळी सुरू केलं. वाचलेल्यापेक्षाही कमी थेंब, पेलाभर पाण्यात, लिंबू पिळून. आई म्हणाली, "शाई हाय का रं?" मी म्हटलं टॉनिक आहे, डेअरीतून आणलंय, कौसल्याला सांगू नकोस, ती शंभर प्रश्न विचारील. आई म्हणाली, "बरं." तिचं ते 'बरं' तुला माहीत आहे. त्याच्या आत काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. कडू लागत असावं, पण एका दमात प्यायली. मी शेजारी बसून राहिलो, उलटी-बिलटी होते का बघत. दुपारी कौसल्यानं जीभ पाहिली आणि विचारलं, तर आई म्हणाली जांभळं खाल्ली. स्वतःच्या मनानं म्हणाली, मी शिकवलं नव्हतं. सध्या जांभळं आहेत म्हणून निभावलं.

हे पत्र टाकावं की नाही ठरत नाही.


सणसर, १३ जून

प्रियदर्शनी,

पाच तारखेचं पत्र अजून खिशातच आहे. घामानं पाकीट मऊ पडलंय. दोन्ही एकदम टाकतो. आज टाकतो, कारण आज माझ्याकडं सांगण्यासारखं आहे.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? येऊन बघ. आई पहाटे साडेचारला उठते. अंगण झाडते, भांडी घासते, घासलेली पुन्हा घासते. दोन वर्षं जी बाई भिंतीला टेकून बसत होती ती आता बसत नाही. कौसल्या म्हणाली, "आत्या, जरा टेका की." तर म्हणते, "बसवत न्हाय गं. पायात कायतरी वळवळतंय." चालते. दारापासून गोठ्यापर्यंत आणि परत. आणि बोलते, प्रिया. काल तिनं मला मोजून अकरा बायकांची नावं सांगितली, ज्या तिच्याबरोबर पहिल्यांदा विहाराच्या पायाला माती वाहायला होत्या. एकही चुकली नाही. मी मागून खात्री करून घेतली.

सकाळचा पेला मीच देतो. पेला देऊन लगेच उठायचं बरं दिसत नाही म्हणून दहा मिनिटं बसतो. त्या दहा मिनिटांत ती बोलते. आबांनी पहिल्यांदा मास्तरकीची ऑर्डर आणली त्या दिवशी त्यांच्या पायात वेगवेगळ्या चपला होत्या, हे तुला माहीत होतं? मला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आता उजव्या बाजूचं. मी आंधळा नाही. चहा ओतताना तिचा हात थरथरतो, बशीत सांडतो. घाम फार येतो, पण गर्मीच तशी आहे. पोट दोन दिवस बिघडलं, ते आंब्यामुळं असणार. झोप कमी झालीय, पण म्हाताऱ्या माणसाला किती झोप लागते? प्रत्येक गोष्टीला कारण आहे. मी एकेक तपासून बघितलंय. सोमवारपासून दोन थेंब वाढवले, कारण सुधारणा दिसतेय तर थांबायचं कशाला.

माल कुठला, हे तू विचारशीलच. सर्जेरावच्याच बाटलीतला. त्याला महिना झाला, खणखणीत आहे.

तू म्हणशील उंटावरचा शहाणा. म्हण. पण ती मला आता पाठमोरा बघूनही समाधान म्हणते.

दादा


सणसर, १६ जून, सकाळ

प्रियदर्शनी,

साडेनऊपासून तुझे अकरा मिस्ड कॉल. म्हणजे पत्रं पोचली आणि माझा नंबर उघडला. दोन वर्षं मी मेलो की जगलो हे विचारलं नाहीस, आणि आज अकरा वेळा? मी फोन उचलणार नाही. मी लिहिलंय, तूही लिही. त्या दिवशी कारण लिहायला तुझ्या पेनात शाई नव्हती का?

हे लिहितोय तेव्हा फोन पुन्हा वाजतोय.

आई आज बरी दिसत नाही. रात्रभर तळमळली म्हणे. सकाळचा पेला घेतला आणि अर्ध्या तासात अंग भाजायला लागलं. पाय आपोआप झटके देतात, दाबून धरले तरी. मी तापाची गोळी दिली. डोळे तारवटलेत. मला बघून समाधान म्हणाली, मग पुन्हा म्हणाली, मग म्हणतच राहिली. गर्मी गर्मी मी कुणाला सांगतोय? जंतूचा ताप असेल. गावात साथ आहे. किंवा ते निळंच असेल, मग थेंब कमी करतो. एकदम थांबवलं तर काही होतं का? हे लिही मला. लगेच लिही. म्हणजे तीन दिवस लागतील, ते कळतंय मला, मूर्ख नाही मी.

फोन थांबला. आता कौसल्याचा वाजतोय आत. ती बोलतेय कुणाशी तरी. मोठ्यानं बोलतेय, कौसल्या कधी मोठ्यानं बोलत नाही. मला हाक


सणसर, २४ जून

प्रियदर्शनी,

तीन दिवस आपण दवाखान्याच्या एकाच बाकावर बसलो आणि मध्ये आईची पिशवी होती. तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बरोबर केलंस. तू यायच्या आधीचा अर्धा तास तुला कुणी सांगितला नसेल. कौसल्या सांगणार नाही, कारण तिला माझी लाज वाटते. म्हणून मीच लिहितो. कुणी विचारण्याआधी मी पहिल्यांदाच काही कबूल करतोय.

तुझा फोन घेतल्यावर कौसल्यानं मला काही सांगितलं नाही, फक्त गाडी आणा म्हणाली. सर्जेरावची जीप मिळाली. बारामतीला पोचेपर्यंत आईचं डोकं कौसल्याच्या मांडीवर होतं आणि पाय मी धरले होते. ते झटके माझ्या हातात अजून आहेत. दवाखान्यात नर्सनं आईचं तोंड उघडलं आणि ओरडलीच. जीभ निळी. प्राणवायू कमी पडतोय समजून तिघंजण धावले, नळ्या आणल्या, मास्क लावला. आणि मी बघत उभा होतो. ती जीभ निळी का आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि मी गप्प. किती वेळ? मी दोन मिनिटं म्हणतो, कौसल्या पाच म्हणते. तिचंच खरं असेल.

मग ती तरुण डॉक्टर कागद घेऊन आली. गोळ्या कोणत्या चालू आहेत? मी ताठ उभा राहून सांगितलं, बीपीची एक, आणि डोकं दुखतं म्हणून डोक्याची एक. ती लिहायला लागली. तेवढ्यात कौसल्या मध्ये आली.

"डोकं दुखायची न्हाय, मॅडम. डोक्याच्या डॉक्टरची. दोन वर्षं झाली."

आणि पर्समधून पाकीट काढून दिलं. रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर, चहाबरोबर, दोन वर्षं. मला कुणी फसवलंसुद्धा नाही गं. कौसल्या म्हणायची, आत्यांची डोक्याची गोळी राहिली, आणि मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचो, दे. दर महिन्याला ती बाजार करायला म्हणून बारामतीला यायची ती तुझ्या दुकानात. आई डोळे तपासायला जायची ते डोळे कुठल्या डॉक्टरकडं तपासले जात होते, तेही आता कळलं. 'डोक्याची' हा एक शब्द सगळ्यांना पुरला.

डॉक्टर त्या पाकिटाकडं आणि आईच्या पायांकडं आलटून पालटून बघत होती. आणखी काही दिलंय का, घरगुती, आयुर्वेदिक, काहीही? तेव्हा मी बोललो. ती रागावली नाही, नर्सला हाक मारून तिनं भराभर सूचना दिल्या आणि मग मला दोन वाक्यांत सांगितलं. ती गोळी शरीरातलं सेरोटोनिन वाढवते, हे निळं ते उतरू देत नाही, मग ते साचत जातं आणि माणूस असा तापतो, थरथरतो. चालणं, बोलणं, पहाटे उठणं, ते सगळं मी सुधारणा म्हणून तुला मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं. तिचं अंग मदत मागत होतं. मी ते वहीत डाव्या बाजूला लिहीत होतो.

आणखी एक. सर्जेरावची बाटली, हे खोटं होतं. डॉक्टरनी बाटली आणा म्हटलं तेव्हा मला लॅबमधली बरणी आणावी लागली. वर छापलंय, फक्त प्रयोगशाळेसाठी, माणसांना देऊ नये. मी रोज ते वाचतो. मला वाटलं, बाजारच्या मालापेक्षा माझ्या हातचं द्रावण शुद्ध. डेअरीच्या साहेबांना मी स्वतः लिहून दिलंय, ते काय करायचं ते करतील. सर्जेरावला कशातलं काही झालेलं नाही. तो अजून पितो. त्याला सांगून पाहिलं, डॉक्टरला विचारून घे, तर म्हणाला, "तुमच्या आईला सोसलं न्हाय म्हणून जगाला सोसत न्हाय व्हय?" त्याच्या अंगात काय आहे मला काय माहीत? माझ्या घरातल्या माणसाच्या अंगात काय जातंय तेच माहीत नव्हतं.

तुझ्या त्या वाक्याचं कारणही आता कळलं. लिहिलं असतंस तर आईचं गुपित फुटलं असतं, आणि मी पुन्हा अंगणात उभा राहून तमाशा केला असता. केला असता, प्रिया. शपथेवर सांगतो, केलाच असता. पण तरी लिहायला हवं होतंस. हे मी रागानं नाही म्हणत. तू लिहिलं असतंस, मी फोन उचलला असता, कौसल्यानं तोंड उघडलं असतं. तिघंही शहाणे, आणि आई एकटी. कौसल्यानं तिला सांगितलं, ह्यांना सांगू नका. मी सांगितलं, तिला सांगू नकोस. आईनं दोघांना बरं म्हटलं, दोघांची गुपितं पोटात ठेवली आणि ती पोटातच एकमेकांना भेटली.

तिसऱ्या दिवशी तू खाली औषधं आणायला गेलीस तेव्हा आई शुद्धीवर होती, ताप उतरला होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? माझ्या आवाजात तेव्हाही जरा जरब होती, मला ऐकू आली. ती म्हणाली, "तू कवा इचारलंस? तू इचारत न्हाईस, समाधान. तू सांगतोस."

मग मी म्हटलं, पण ते निळं अंगाला सोसत नाही हे तुला कळत असणार. पाय झटकत होते, झोप नव्हती. का पीत राहिलीस?

तिनं माझ्याकडं कूस केली.

"तू बसायचास," ती म्हणाली. "तुझं आबा गेल्यापास्नं पयल्यांदाच बसायचास. न्हाय म्हणलं आसतं तर उठून गेला आसतास."

त्यानंतर मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. तू वर येताना मला बघितलंस. डोळ्यांत काही गेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणतात पंधरा दिवसांनी जुनी गोळी पुन्हा सुरू करायची की बदलायची ते तिचे नेहमीचे डॉक्टर ठरवतील. विसरण्याची तपासणीही होईल. उदास माणूसही असंच विसरतं म्हणे, सगळंच आजीसारखं नसतं. मला हे दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर, असं लिहिणार होतो. तू सांगत होतीस. मी कागद फाडत होतो.

सुट्टी मिळाली तेव्हा आई तुझ्या रिक्षात बसली. मला न विचारता. फाटकापाशी मी तिची चप्पल हातात घेऊन उभा होतो, कारण ती पायात घालायची राहिली होती. तू ती माझ्या हातातून घेतलीस आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलंस. त्यात काय होतं ते मला वाचता आलं नाही. दूध असतं तर वाचलं असतं.

घरात आता कौसल्या बोलते. दोन वर्षांचं एकदम बोलते. मी ऐकतो. मध्ये बोलायचं नाही हे फार अवघड काम आहे, कुणी शिकवलेलं नाही. परवा तिला विचारलं, तू माझ्याशी आणखी काय काय बोलली नाहीस? ती म्हणाली, "येकदम सगळं इचारू नका. सवय न्हाय तुमाला."

आईचे कपडे, चष्मा आणि विहारातल्या बायकांनी पाठवलेला खाऊ पिशवीत भरून ठेवलाय. वर लिहिलेली ओळ मी खोडलीय. 'रविवारी पहिल्या एसटीनं येतोय' असं होतं तिथं.

रविवारी येऊ का? आईला विचार, आणि तूही सांग. दोघींपैकी एकीनं नको म्हटलं तर पिशवी कौसल्याबरोबर पाठवतो.

दादा